दारावरच्या तीन काचा

आई,

नारायणगावच्या हायवेवरची तुझी निळी इमारत आता निळी राहिलेली नाही. मागच्या महिन्यात तिच्या सगळ्या काचा उतरवल्या. जुना मालक थकलाय, कारभार त्याचा मुलगा बघतो. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन समोरून आत शिरतं आणि वरचे हॉल भट्टीसारखे तापतात. एसी कितीही लावले तरी पुरत नाहीत. म्हणून त्याला आता समोर निम्मी विटांची भिंत हवी आहे, लहान खिडक्या हव्या आहेत, वर सावलीच्या पट्ट्या हव्या आहेत. त्याने पुण्याला फोन करून मला बोलावलं. "तुमच्या आईंनीच केलं होतं ना काम, मग तुम्हीच बघा," म्हणाला. आवाजात कौतुक होतं. मी हो म्हणाले, कारण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. तिथे जे दिसलं ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही आणि ऐकायला तू नाहीस. तुला जाऊन बारा वर्षं झाली. असतीस तर बहुतेक एवढंच म्हणाली असतीस, "झालं ते झालं. जेवून घे आधी."

बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं फ्रेमचं दुकान, दुकानामागे एक खोली आणि स्वयंपाकघर. देवाचे फोटो, लग्नाचे फोटो, वारलेल्या माणसांचे फोटो, कटिंगच्या दुकानांचे आरसे आणि फुटलेल्या खिडक्यांची तावदानं, एवढाच व्यवहार. सगळे तुला म्हणत होते, दुकान विकून टाक, बाईमाणसाचं हे काम नव्हे. तू विकलं नाहीस. बाबांच्या हाताखाली जो एकच माणूस होता, खोडदकडून सायकलवर यायचा, त्याला तू म्हणालीस, "मला शिकवा." तो तुला ताई म्हणायचा, म्हणून तो माझा मामा झाला. मामांनी तुला काच कापायला शिकवलं. टेबलावर गोणपाट अंथरलेलं, त्यावर काच, लाकडी पट्टी, आणि रॉकेलमध्ये बुडवलेला कटर. मी दारात बसून अभ्यास करायचे आणि तो आवाज ऐकायचे. करकर नाही, किरकिर नाही, कापड हळूच फाडल्यासारखा एक लांब आवाज. पहिले दोन महिने तुझ्या हातून काचा फुटल्या. मामा रागावले नाहीत. "तुमी घाबरता ताई, ते काचंला कळतं," एवढंच म्हणायचे. वर्षभरात तुझी रेघ त्यांच्या रेघेपेक्षा सरळ यायला लागली. हे मला मामांनीच सांगितलं, अभिमानाने.

तू मला कटरला हात लावू दिला नाहीस. एकदा तू मंचरला गेलेली असताना मी एका तुकड्यावर रेघ मारून बघितली. परत आल्यावर तू तो तुकडा उचलून बघितलास, माझा कान धरलास आणि म्हणालीस, "माझे हात कापून झालेत. तुझे न्हाई कापायचे. तू शिक." त्या काळात तुझ्या बोटांवर कायम कुठे ना कुठे चिंधी असायची. दुकान बंद झालं की तू कणकेचा एक गोळा घ्यायचीस आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर दाबत दाबत फिरायचीस, उंबऱ्यापासून चुलीपर्यंत. डोळ्यांना न दिसणारे काचेचे कण त्या कणकेला चिकटायचे. मग तो गोळा कागदात बांधून फेकून द्यायचीस, आणि त्यानंतरच आम्ही पाट मांडायचो. माझ्या पायात काचेचा कण कधी म्हणून रुतला नाही. हे मी विसरलेले नाही आई. मला राग आहे तो याचमुळे. माझ्या पायाची एवढी काळजी करणारी बाई दुसऱ्यांच्या डोक्यावर काय टांगून ठेवते, हे मला आजही समजत नाही.

मी इंजिनिअर झाले, पुण्यात इमारतींच्या काचेच्या दर्शनी भागाचंच काम करणाऱ्या एका ऑफिसात लागले, तेव्हा तू सगळ्या गल्लीला पेढे वाटलेस. "काचंचंच काम करते, पण मोठं," असं सांगायचीस. तोपर्यंत आपलंही दुकान वाढलं होतं. फ्रेमा मागे पडल्या होत्या. जुन्नर, घोडेगाव, मंचरच्या बंगल्यांना ॲल्युमिनियमच्या खिडक्या तू बसवून देत होतीस. हायवेला नवीन इमारती उठायला लागल्या आणि प्रत्येकाला पुण्यासारखी काच समोर हवी होती. मालकाने हे निळ्या काचांचं तीन मजली कॉम्प्लेक्स बांधलं आणि त्याचा सगळा दर्शनी भाग तुला दिला. एका बाईला, एवढं मोठं काम. ती बातमी सांगताना फोनवर तू एकेक वाक्य दोनदा सांगत होतीस. मामा तेव्हाही तुझ्याकडेच होते. काच बसवणारे चार जण होते आणि मामा त्यांचे मुख्य.

आता जे लिहिते ते तुला ठाऊक होतं, माझ्यापेक्षा आधीपासून ठाऊक होतं. तरी लिहिते, कारण हे एकदा कुठेतरी सरळ लिहिलेलं असावं. उंचावर, लोकांच्या डोक्यावर बसवायची काच टफन लागते. ती कारखान्यात तापवून झटकन गार केलेली असते. ती साध्या काचेपेक्षा कितीतरी पट ताण सोसते, आणि फुटलीच तर तिचे ज्वारीएवढे बारीक दाणे होतात. साधी काच फुटली की सुरे होतात. टफन काच एकदा तयार झाली की कापता येत नाही. मापात करूनच मागवावी लागते. त्या इमारतीच्या काचा मापात करून आल्या. पण ट्रकमधून उतरवताना मुख्य दारावरच्या तीन फुटल्या. नवीन यायला पंधरा दिवस लागणार होते आणि दसऱ्याला उद्घाटन ठरलेलं होतं, पुढारी येणार होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. आपल्या दुकानात त्याच निळ्या रंगाची साधी काच पडून होती. तू ती टेबलावर घेतलीस आणि स्वतः तीन काचा कापल्यास. मामा तुला म्हणाले होते, "ताई, या नगं. दाराला कापड लावू, फुलं लावू, कुणी इचारणार न्हाई." हे मला खूप नंतर कळलं. तू म्हणालीस, "दिवाळी झाली की बदलू."

दसऱ्याच्या दिवशी मी आले. समोर मांडव, हार, ढोल. संध्याकाळचं तिरपं ऊन होतं. टफन काचेवर अशा उजेडात बाजूने पाहिलं की पुसट काळसर ठिपके दिसतात. आमच्या धंद्यात त्यांना बिबट्याचे ठिपके म्हणतात, आपल्या जुन्नरच्या माणसाला तर ते नाव सांगावंच लागत नाही. मी तुझं काम डोळे भरून बघत होते. सगळ्या इमारतीवर ते ठिपके होते. दारावरच्या तीन काचांवर नव्हते. मी तुझ्याजवळ आले, तू मालकाच्या बायकोशी बोलत होतीस, आणि मी हळूच विचारलं, "आई, दारावर साधी लावलीस का?" तू माझ्याकडे जे पाहिलंस ते मी विसरणार नाही. "पावण्यांपुढं तोंड उघडू नगंस," तू ओठ न हलवता म्हणालीस. "चार पुस्तकं वाचून मला काच शिकवती का? या हातांनी तुला शिकवलंय." मी मागे फिरले. मांडवात जाऊन जिलेबी खाल्ली. त्या क्षणी मी काय करू शकत होते, याची मी पुढे पुष्कळ उत्तरं काढली. सगळ्यात सोपं उत्तर होतं, मालकाला जाऊन सांगणं. तो दहा पावलांवर उभा होता.

दिवाळी झाली. मी विचारलं नाही. तूही बोलली नाहीस. मग एप्रिल आला.

तो रविवार होता आणि मी घरी आलेली होते, म्हणजे जे घडलं ते मला कुणाच्या तोंडून ऐकावं लागलं नाही. जेवणं झाल्यावर मालकाचा फोन आला की दारावरच्या मधल्या काचेला लांब तडा गेलाय. मामा दुकानात बसले होते. तू त्यांना म्हणालीस, "जा, चिकटपट्टी मारून ये दोनी अंगांनी. उद्या बदलू." मी स्वयंपाकघरातून हे ऐकलं. साध्या काचेला तडा गेलेला असताना तिच्याखालून माणसं येऊ द्यायची नसतात, आधी दार बंद करायचं, दोरी बांधायची, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. मला वाटलं मामांना माहीत असेल. मला वाटलं तू सांगशील. मी ताटं घासत होते. अर्ध्या तासाने कुणीतरी धावत आलं.

मामा शिडीवर होते. त्यांचा हात लागायच्या आत काचेचा खालचा भाग सरकायला लागला. खाली दारातून दोन बाया पिशव्या घेऊन बाहेर पडत होत्या. मामा ओरडले आणि त्यांनी तो तुकडा तळहाताने आत दाबून धरला. बाया पळाल्या. काच त्यांचा हात चिरत खाली गेली, मनगटापासून कोपरापर्यंत. मी पोचले तेव्हा त्यांना जीपमध्ये घालत होते. कुणाचा तरी टॉवेल हाताला गुंडाळलेला आणि तो टॉवेल टपटपत होता. मला पाहून मामा म्हणाले, "ताईला सांग, बाकीच्या दोन आजच काढा." मग जीप मंचरकडे गेली. मी वर पाहिलं. चौकटीत काचेचा वरचा भाग तसाच उभा होता. त्यातला तडा काठापासून निघाला होता, काठाशी अगदी काटकोनात, आणि मग वळत गेला होता. वरच्या अर्ध्या काचेवर ऊन आणि खालच्या अर्ध्या भागावर दुकानाच्या पाटीची सावली. तापलेला भाग ताणला जातो, गार भाग ताणला जात नाही, आणि साध्या काचेच्या काठावर जिथे बारीकशी खोच असते तिथून ती फाटते. ठोका बसून फुटलेल्या काचेवर एक बिंदू असतो, त्यातून चहूकडे तडे जातात. इथे बिंदू नव्हता. माझ्यासारख्या नवशिकीलाही दिसेल इतकं ते स्वच्छ होतं.

मामांच्या उजव्या हाताच्या तीन बोटांच्या नसा गेल्या. ती बोटं पुन्हा वळली नाहीत.

तिसऱ्या दिवशी मालकाने सांगितलं की काच कशामुळे पडली हे त्याला एखाद्या इंजिनिअरकडून लिहून हवं. पोलीस विचारत होते. "तुमची पोरगी हेच करती ना पुण्यात," तो म्हणाला. काय लिहून हवं ते त्यालाही माहीत होतं. दारावर कोणती काच लागली आहे ते त्याला दसऱ्यालाच ठाऊक होतं आणि त्याने ते चालवून घेतलं होतं, असं तू म्हणालीस. त्या दुपारी स्वयंपाकघरात तू माझा लॅपटॉप पाटावर ठेवलास आणि समोर बसलीस. "ल्ही," म्हणालीस. "काच काढताना कामगाराचं हत्यार लागलं आन् काच फुटली." मी म्हणाले, "मामांच्या हातात हत्यारच नव्हतं. त्यांच्या हातात चिकटपट्टी होती." तू म्हणालीस, "मला माहिती हाय." मी म्हणाले, "मग?" तू लॅपटॉप आणखी माझ्याकडे सरकवलास. मग जे बोललीस ते तुझ्या आवाजात अजून माझ्या कानात आहे. "त्याचा हात तर गेलाच. आता दुकान पण घालवू? त्याला शेती हाय, भाऊ हाय, पोरगा हाय. मला काय हाय? बाईनं लावलेली काच पडली, एवढंच लोकांच्या ध्यानात राहील. पुन्यांदा कोण दार उघडंल मला?"

यातला शब्दन् शब्द खरा होता, हेच वाईट आहे. तू खोटं बोलून मला फसवलं असतंस तर मी आज सुटले असते. तू मला सगळं खरं सांगितलंस आणि खोटं लिहायला लावलंस. मी एक अट घातली. बाकीच्या दोन काचा आठ दिवसांत बदलायच्या. तू बाबांच्या फोटोकडे बघून म्हणालीस, "बदलते." मग मी लिहिलं, इंग्रजीत, कारण तशी कागदपत्रं इंग्रजीतच असतात. हत्याराचा आघात, कामगाराची घाई, काचेत दोष नाही. खाली माझं नाव, पदवी, सही. माझ्या आयुष्यातला तो पहिला अहवाल. नंतर मी शेकडो लिहिले, त्यांतल्या कुठल्यातही एवढी स्वच्छ भाषा नाही.

संध्याकाळी तू मासवडी केलीस. आठवड्याच्या मधल्या वारी, दुकान लवकर बंद करून. तीळ-खोबरं भाजलंस, बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापलंस, सारण भरून वळकटी केलीस, वड्या पाडल्यास, रस्सा लाल केलास. तुला आभार मानता येत नसत, कुणाचेच. तुझ्याकडे त्याची एवढीच पद्धत होती. मला कळलं होतं की हे कशाबद्दल आहे. मी खाल्ली. दुसऱ्यांदा मागून घेतली. तू वाढताना म्हणालीस, "तिखट झालीय का गं?" आणि मी म्हणाले, "नाही, छान झालीय."

त्या कागदामुळे मामांची चूक ठरली. तू त्यांना पुन्हा कामावर बोलावलं नाहीस. कसं बोलावणार, त्यांना रोज समोर कसं बघणार? आठवड्याने तू फोनवर सांगितलंस, "बदलल्या गं दोनी. आता सुखानं ऱ्हा." मी सुखाने राहिले. तुझं दुकान चाललं. हायवेवर तू आणखी इमारती केल्यास, त्यांत सगळीकडे टफनच लावलीस, हे मी नंतर स्वतः कागद तपासून पाहिलंय. म्हणजे तू शिकलीस. फक्त ज्याच्या हातावर शिकलीस त्याला ते कधी सांगितलं नाहीस. पाच वर्षांनी तू मंचरच्या दवाखान्यात पडून होतीस तेव्हा मामा तुला बघायला आले. डाव्या हाताने पिशवीतून द्राक्षं काढून ठेवली आणि तुझ्या उशाशी स्टुलावर बसले. "कसं वाटतं ताई?" म्हणाले. तू भिंतीकडे तोंड केलंस. ते तासभर बसले आणि निघाले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले नाही. तू चार दिवसांनी गेलीस. दहाव्याला ते आले होते, मागे उभे होते.

आता मागच्या महिन्याचं सांगते. काचा उतरवायला मंचरची चार मुलं होती, चांगली कामसू. रबराच्या वाट्या काचेला चिकटवायच्या, मागचं सिलिकॉन तारेने कापायचं आणि काच दोरीने खाली घ्यायची. मी खाली खुर्ची टाकून यादी करत होते. दारावरच्या तिन्ही काचा उतरल्या, त्यातली मधली नंतर बदललेली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांतला एक जण म्हणाला, "म्याडम, यातली एक नेऊ का? घरच्या खिडकीला व्हईल, थोडी कापून." मी हसले. म्हटलं, "अरे, ही टफन काच आहे. कटर फिरवलास तर भुगा होईल सगळ्या अंगणात." तो म्हणाला, "भुगा न्हाई झाला. मी मघाशीच कापली की." आणि त्याने दाखवली. सरळ कापलेली, स्वच्छ.

मी उठून गेले. ती दारावरची डावी काच होती. उजवी भिंतीला टेकवून ठेवलेली. कोपऱ्यात कारखान्याचा शिक्का नाही, काठ घासलेले नाहीत. काठावर शेवटच्या बोटभर जागेत रेघ किंचित वळलेली, कारण तू शेवटी कटर जरा लवकर उचलायचीस, कायम. तुझा हात मी कुठेही ओळखला असता. मी त्या मुलाला म्हटलं, दुसरीवर कटर फिरव. त्याने फिरवला, खाली पेन्सिल ठेवून दाबलं. ती पण सरळ तुटली.

सतरा वर्षं, आई. सतरा वर्षं त्या दोन काचा त्या दारावर होत्या. खाली मोबाईलचं दुकान, कपड्यांचं दुकान, वर क्लास, क्लास सुटला की पन्नास पोरंपोरी त्याच पायऱ्यांवर गप्पा मारत उभी. सतरा उन्हाळे. बाबांच्या फोटोसमोर बोललेला शब्द तू आठ दिवस तरी पाळायचा विचार केला होतास का, की तेव्हाच तुला माहीत होतं? परत शिडी लावली असती तर लोकांनी विचारलं असतं, हत्यार लागून एक फुटली तर या दोन का काढता? माझ्याच अहवालाने तुझे हात बांधले होते. काचेत दोष नाही, असं मीच लिहून दिलं होतं. हे मला तिथे उभं असतानाच समजलं आणि त्याने मला तुझा राग कमी आला नाही, जास्त आला. तू फोन करून एवढंच म्हणायला हवं होतंस की जमत नाही. मी आले असते.

आले असते का? त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले. नाशिककडे जाताना, लेण्याद्रीला पाहुण्यांना नेताना, तुझ्या वर्षश्राद्धाला. संध्याकाळच्या उन्हात एकदा मान वर करून पाहिलं असतं तर ठिपके आहेत की नाहीत ते गाडीतून कळलं असतं. माझं तेच काम आहे, मी त्यासाठी देशभर फिरते. इमारत जवळ आली की मी फोन बघायचे, नाहीतर समोरच्या बाजूच्या द्राक्षांच्या पाट्या बघायचे. बायपास झाला तेव्हा मला बरं वाटलं होतं. तेव्हा वाटलं, ट्रॅफिक वाचला म्हणून.

त्याच दिवशी तिथून मी थेट मामांकडे गेले. खोडदच्या अलीकडे, जिथून रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या जाळीच्या थाळ्या दिसायला लागतात, तिथे त्यांच्या सुनेची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी आहे. मामा हिरव्या जाळीखाली बसून रोपांच्या ट्रेमध्ये नारळाचा भुसा भरत होते, डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर. मला पाहिल्यावर चेहरा एकदम उजळला. "अगं पोरी! ये, बस. सूनबाई, चहा ठेव, माझी भाची आलीय पुण्याची." मी बसले. वाटेत सगळं जुळवून आणलं होतं, पहिलं वाक्य कोणतं, दुसरं कोणतं. मी म्हटलं, "मामा, त्या इमारतीच्या काचा उतरवल्या आज."

"बरं झालं," ते म्हणाले. "लई तापायची ती."

"दारावरच्या दोन साध्याच होत्या. आईने बदलल्याच नव्हत्या."

ते थोडा वेळ ट्रे भरत राहिले. "मला माहिती व्हतं," म्हणाले. "मी बाजारला गेलो की वर बघायचो. दोन-तीनदा मालकाला सांगितलं. तो म्हणायचा, इंजिनिअरनं लिवून दिलंय, काच चांगली हाय. मग मी दारातनं लोकांना म्हणायचो, बाजूनं जा, बाजूनं जा. लोक हसायचे. म्हणायचे, म्हाताऱ्याच्या डोक्यात काच बसलीय."

मग मी विचारलं, "तुम्हाला राग नाही येत? आईचा?"

"ताईचा? आला व्हता, लई आला. पण तिला दुसरी वाट नव्हती. दवाखान्यात तिनं तोंड फिरवलं ना, तवाच मला कळलं, तिला लागलंय." मग त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं जरा चोळली, सवयीने. "त्या कागदाचं मातर वाईट वाटतं. मालकानं मला दाखवला व्हता. इंग्रजीत व्हता, मला काय कळणार. पुण्याच्या कुण्या इंजिनिअरनं लिवलंय म्हणाला, हत्यार लागलं म्हणून. पण मी त्यालाबी दोष देत न्हाई बघ. त्यानं जन्मात काच हातात धरली नसंल. आपल्यातलं कुणी आसतं, तुझ्यासारखं, तर त्याला तडा बघूनच कळलं आसतं."

सूनबाई चहा घेऊन आली. मी चहा प्यायले. चांगला झालाय म्हणाले. मामांनी मला कागदात गुंडाळून टोमॅटोची दहा रोपं दिली, गॅलरीत लाव म्हणाले, आणि रस्त्यापर्यंत सोडायला आले. गाडीचं दार त्यांनी लावलं. मी पुण्याला आले.

त्या माणसाने सतरा वर्षं एका अडाणी इंजिनिअरला माफ करून ठेवलंय, आई. तो इंजिनिअर अडाणी नव्हता हे त्यांना सांगितलं तर त्यांच्याजवळचं तेवढंही मी काढून घेईन, असं मी वाटेत स्वतःला समजावत होते. चाकणपर्यंत मला ते पटलंही होतं. मग आठवलं की अशीच भाषा मी एकदा तुझ्या तोंडून ऐकली आहे, त्या दुपारी, पाटावरच्या लॅपटॉपसमोर.

आज रविवार आहे, दुपार आहे, घरात कुणी नाही. हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही, ते ड्रॉवरमध्ये राहील. एक गोष्ट मात्र सांगून टाकते. सकाळी मी लिहायला बसले ती तुला नव्हे, मामांना. तीन ओळी झाल्या आणि हात थांबला. मग दुसरा कागद घेतला आणि तुला लिहायला लागले, तेव्हा एकदाही थांबावं लागलं नाही. मामांची सून त्यांना पत्र वाचून दाखवते आणि ते उत्तर सांगतात. तू उत्तर देणार नाहीस, एवढ्याचसाठी तुला लिहिलं.